भागीदारी की बाजी? शेअर बाजाराविषयी नेहमीचे प्रश्न

मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. जुमाच्या नमाजनंतर आमच्या पेढीवर चार ओळखीची माणसे चहाला बसतात. सुताचा भाव, ग्रे कापडाची मागणी, विजेचे बिल असे नेहमीचे विषय निघतात. काही महिन्यांपूर्वी अशाच एका शुक्रवारी एक जुने कारखानदार आले. चोवीस मागांचे मालक, व्यवहाराला चोख. सुतवाल्याचे पैसे त्यांनी कधी चार दिवससुद्धा अडकवले नव्हते. त्या दिवशी मात्र मान खाली घालून म्हणाले, "सेठ, सुतवाल्याकडून मला महिन्याभराची मुदत मिळवून द्या. तुमचा शब्द तो मोडणार नाही."

कारण विचारले तेव्हा हळूहळू सारे बाहेर आले. सुताचे पैसे बँकेत होते आणि बँकेचे काम धाकट्या मुलाकडे होते. मुलाने मोबाईलवर 'शेअर बाजार' सुरू केला. पहिल्या आठवड्यात सात हजार मिळाले, म्हणून रक्कम वाढवली. पुढे तोटा आला, तो भरून काढण्यासाठी आणखी रक्कम वाढवली. चार महिन्यांत तीन लाख चाळीस हजार रुपये गेले.

"चाळीस वर्षे माग चालवले, मंदी पाहिली, पण असा पैसा कधी गेला नाही," ते म्हणाले. "शेअर बाजार म्हणजे जुगारच ना हो?"

शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "मग माझ्या भाच्याने वीस वर्षांपूर्वी शेअर घेऊन ठेवले होते, त्यावर त्याने घर बांधले, ते काय म्हणायचे?" तिसऱ्यांनी सांगितले की वालिदांच्या पेटीत शेअरची जुनी सर्टिफिकेटे सापडली आहेत, त्यांचे काय करावे हेच कळत नाही.

त्या दिवसापासून लोक मला जे प्रश्न विचारतात ते मी टिपून ठेवू लागलो. माझा धंदा कापडाचा आहे, मी शेअर बाजाराचा पंडित नाही. पण बरीच वर्षे थोडेफार शेअर घेतले, त्यात फायदा पाहिला आणि ठोकरही खाल्ली. त्या अनुभवावर आणि जाणकारांना विचारून ही उत्तरे देत आहे.

शेअर म्हणजे नेमके काय?

शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीतला हिस्सा. एखाद्या कंपनीचे एक कोटी शेअर असतील आणि त्यातले शंभर तुमच्याकडे असतील, तर त्या कंपनीच्या लाखाव्या भागाचे तुम्ही मालक झालात. कंपनीला नफा झाला आणि तिने तो वाटला तर तुमच्या वाट्याचा लाभांश तुम्हाला मिळतो. धंदा वाढला तर शेअरचा भाव वाढतो. कंपनी बुडाली तर तुमचे पैसे बुडतात, मात्र कंपनीच्या कर्जासाठी कोणी तुमच्या घरावर येत नाही.

आपल्या व्यापारात भागीदारी नवी नाही. एकाचे मागाचे शेड, दुसऱ्याचे भांडवल, तिसऱ्याची मेहनत असे धंदे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालले आहेत. शेअर ही तशीच भागीदारी आहे. फरक एवढाच की येथे भागीदार लाखो असतात, ते एकमेकांना ओळखत नाहीत, आणि आपला हिस्सा कोणत्याही कामकाजाच्या दिवशी बाजारात विकता येतो. मुंबईचा शेअर बाजार १८७५ मध्ये स्थापन झाला आणि राष्ट्रीय शेअर बाजारात व्यवहार १९९४ मध्ये सुरू झाले. या दोन ठिकाणी असे हिस्से विकले आणि घेतले जातात.

मग त्या मुलाचे पैसे कशात गेले?

त्या मुलाने एकाही कंपनीचा एकही शेअर घेतला नव्हता. तो 'ऑप्शन' घेत होता. व्यापारी माणसाला ऑप्शन समजणे कठीण नाही. समजा, तुम्ही एका कारखानदाराला बयाणा दिला की महिनाअखेरीस शंभर तागे ठरलेल्या भावाने घेईन. भाव चढला तर फायदा. भाव पडला तर माल सोडून देता आणि बयाणा जातो. ऑप्शन साधारण असाच असतो. पण निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये माल नसतोच. घेणाऱ्याला तो नको असतो आणि विकणाऱ्याकडेही तो नसतो. नुसता बयाणाच हातोहात फिरतो आणि मुदत काही दिवसांत संपते. मुदत संपली की एकाचे गेले तेवढे दुसऱ्याला मिळतात आणि दलाली, कर दोघांनाही भरावे लागतात.

बाजारावर देखरेख करणारी सेबी ही सरकारी संस्था आहे. तिने सप्टेंबर २०२४ मध्ये या व्यवहारांचा हिशोब प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर आणि ऑप्शनचे सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक सामान्य लोकांपैकी शंभरात ९३ जणांना तोटा झाला. सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून जास्त होता. खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक कमावणारे शंभरात फक्त एक निघाले. ७२ टक्क्यांहून जास्त लोक देशातल्या पहिल्या तीस मोठ्या शहरांबाहेरचे, म्हणजे आपल्यासारख्या गावांतले होते. २०२३-२४ मध्ये यातले ४३ टक्के तिशीच्या आतले तरुण होते. सलग दोन वर्षे तोटा होऊनही चारांतले तीन जण थांबले नाहीत.

मग पैसा कोणाला मिळाला? त्याच अहवालाप्रमाणे २०२३-२४ मध्ये स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या मोठ्या पेढ्यांना सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांना सुमारे २८ हजार कोटी रुपये सुटले. त्यांचे बरेचसे सौदे संगणक आपोआप करतात. अशा पेढ्यांसमोर आमचा पोरगा हातात मोबाईल घेऊन बसला होता.

नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने नियम कडक केले आणि एका सौद्याची किमान रक्कम पंधरा लाखांपर्यंत नेली. तरीही २०२४-२५ मध्ये शंभरात ९१ जणांना तोटाच झाला. तेव्हा 'शेअर बाजार जुगार आहे का' या प्रश्नाचे माझे उत्तर असे : कंपनीचा हिस्सा घेऊन ठेवणे हा व्यापार आहे. सकाळी घेऊन दुपारी विकण्याची सवय आणि ऑप्शनचा खेळ ही बाजी आहे. दोन्हीला लोक एकच नाव देतात, आणि तिथेच घोटाळा होतो.

शेअर घेणे हलाल आहे का?

हा प्रश्न आपले लोक सर्वात आधी विचारतात, आणि विचारलाच पाहिजे. फतवा देण्याचा मला अधिकार नाही. उलमांनी काय म्हटले आहे तेवढे सांगतो.

बऱ्याच उलमांच्या मते हिस्सेदारी मुळात जायज आहे, पण काही अटींवर. पहिली अट धंद्याची. दारू, जुगार, सूदी बँक, चालू पद्धतीचा विमा अशा कंपन्या बाद. दुसरी अट कर्जाची. बहरैनमधील आओफी ही संस्था इस्लामी वित्तव्यवहाराचे निकष ठरवते. तिच्या मते कंपनीचे सूदी कर्ज तिच्या बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. तिसरी अट उत्पन्नाची. सूद वगैरे नाजायज उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आत असावे आणि आपल्या वाट्याचा तेवढा भाग सवाबची नियत न ठेवता गरजूंना देऊन टाकावा. काही उलमा याहून कडक मत ठेवतात आणि सूदी कर्ज घेणाऱ्या कोणत्याही कंपनीपासून दूर राहण्यास सांगतात. आपण ज्यांच्यावर विश्वास ठेवतो त्या मुफ्ती साहेबांना विचारून निर्णय घ्यावा.

या निकषांवर निवडलेल्या कंपन्यांचे निर्देशांक आपल्या देशातही आहेत. 'निफ्टी ५० शरिया' हा त्यांपैकी एक. टाटा एथिकल फंड आणि टॉरस एथिकल फंड या म्युच्युअल फंडांच्या योजना अशाच यादीत गुंतवणूक करतात. ही शिफारस नाही, केवळ माहिती आहे.

व्यवहाराच्या पद्धतीकडेही पाहावे. दलालाकडून उधार पैसे घेऊन शेअर घेतले की त्यावर सूद लागते. स्वतःकडे नसलेला शेअर आधी विकून नंतर घेणे म्हणजे ताब्यात नसलेला माल विकणे. कंपनी निर्मळ असली तरी अशा रीतीने केलेला सौदा निर्मळ राहत नाही.

कोणता शेअर घ्यावा?

हा प्रश्न मला रोज विचारला जातो आणि मी कधीच उत्तर देत नाही. त्याऐवजी एक उलटा प्रश्न विचारतो : कोणी अनोळखी माणूस येऊन म्हणाला की माझ्या कारखान्यात भागीदार व्हा, तर तुम्ही त्याला काय विचाराल? धंदा कशाचा? माल कोण घेतो? उधारी किती आणि वसूल होते का? डोक्यावर कर्ज किती? गेल्या पाच वर्षांत नफा झाला का? माणूस शब्दाचा कसा आहे? आणि शेवटी, हिस्सा कोणत्या भावाने देतोस?

हेच प्रश्न कंपनीला विचारायचे. उत्तरे तिच्या वार्षिक अहवालात छापलेली असतात आणि तो अहवाल फुकट मिळतो. कागदावर नफा दिसतो पण हातात रोख येत नाही, कर्ज दरवर्षी वाढते, मालकांनी स्वतःचे शेअर गहाण ठेवले आहेत, अशा गोष्टी दिसल्या तर सावध व्हावे. हिशोबच खोटा असला तर? तेही घडते. जानेवारी २००९ मध्ये सत्यम कॉम्प्युटरच्या अध्यक्षांनी हिशोब खोटे असल्याचे स्वतः कबूल केले आणि एका दिवसात शेअरचा भाव तीन चतुर्थांशाहून जास्त पडला. दिवाण हाऊसिंग ही घरकर्ज देणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. २०२१ मध्ये ती दुसऱ्या मालकाकडे सोपवली गेली तेव्हा जुन्या भागधारकांच्या हाती शून्य आले. म्हणून सगळी रक्कम एका कंपनीत कधी घालू नये. आपणही सगळा माल एकाच आडत्याला उधार देत नाही.

माझी ठोकरही येथेच सांगतो. नव्वदच्या दशकात एका नव्या कंपनीचा इश्यू आला. कंपनी कापडाची होती, म्हणून मला वाटले की हा तर आपल्या माहितीतला धंदा. बाजारातले सगळे अर्ज भरत होते, मीही भरला. कारखाना कुठे आहे, मशीन कोणती आहेत, हे विचारलेच नाही. दोन वर्षांनी पत्र पाठवले तर 'या पत्त्यावर कोणी नाही' असा शेरा मारून परत आले. मीच एकटा असा नव्हतो. त्या दशकात जनतेकडून भांडवल गोळा करून नाहीशा झालेल्या कंपन्यांचा शोध घेण्यासाठी सरकारला १९९९ मध्ये वेगळी समिती नेमावी लागली. ज्या धंद्यात माझे केस पांढरे झाले, त्याच धंद्यात मी डोळे मिटून पैसे दिले, याची खंत आजही आहे.

ज्यांना अहवाल वाचायला वेळ नाही, त्यांच्यासाठी म्युच्युअल फंड हा मार्ग आहे. त्यात थोड्या रकमेत अनेक कंपन्यांचे हिस्से येतात आणि दरमहा ठरावीक रक्कम घालता येते. तोटा त्यातही होऊ शकतो, हे विसरू नये.

बाजार कोसळला तर काय करावे?

भाव चढतात आणि पडतात, हे कापडवाल्यांना नव्याने सांगायला नको. मुंबईतली शेअरची पहिली मोठी तेजी तर कापसानेच आणली होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत शेअरमध्ये शिरला. समुद्र बुजवणाऱ्या बॅक बे कंपनीच्या शेअरवर लोक तुटून पडले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस पडला आणि पाठोपाठ शेअर, बँका आणि बड्या पेढ्या पडल्या.

पुढेही हेच होत राहिले. मुंबई बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स एप्रिल १९९२ मध्ये ४,४६७ वर होता. हर्षद मेहता प्रकरण बाहेर आले आणि वर्षभरात तो जवळजवळ निम्म्यावर आला. जानेवारी २००८ मध्ये तो २१ हजारांवर होता, ऑक्टोबरमध्ये आठ हजारांच्या आसपास उतरला, आणि जुना उच्चांक पक्का ओलांडायला २०१३ उजाडले. २३ मार्च २०२० रोजी कोरोनाच्या भीतीने एका दिवसात ३,९०० हून अधिक अंश पडून २५,९८१ वर बंद झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो ४७ हजारांच्या वर होता.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. चांगल्या धंद्याचा पडलेला भाव कधीतरी सावरतो, पण त्याला काही महिने लागतील की पाच वर्षे, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून जो पैसा पाच-सात वर्षे लागणार नाही, तोच येथे घालावा. आणि दुसरे असे की निर्देशांक सावरला म्हणून तुमची कंपनी सावरेलच, असे नाही. निर्देशांकातून बुडालेल्या कंपन्या काढून नव्या घातल्या जातात, आपल्या खात्यातल्या मात्र तशाच राहतात.

किती पैसे घालावेत?

आधी हे पैसे बाजूला काढा : सुतवाल्याचे देणे, मजुरांची मजुरी, विजेचे बिल, घरातले वर्षभराचे आजारपण-शिक्षण, ठरलेले लग्न, हजसाठी साठवलेली रक्कम आणि कोणाची अमानत. यांतला एक रुपयाही बाजारात जाऊ नये. कर्ज काढून तर मुळीच नाही. धंद्याचे खाते आणि गुंतवणुकीचे खाते वेगळ्या बँकेत ठेवा. आमच्या कारखानदारांनी हे एक केले असते, तर मुलाचा हात सुताच्या पैशापर्यंत पोचला नसता.

शेअर दलालाकडे सुरक्षित राहतात का?

शेअर आता कागदावर नसतात, डीमॅट खात्यात असतात. ही खाती एनएसडीएल आणि सीडीएसएल या दोन डिपॉझिटरींकडे असतात, दलाल केवळ मध्यस्थ असतो. खात्यासाठी पॅन, आधार आणि बँक खाते लागते. सप्टेंबर २०२४ पासून लहान गुंतवणूकदाराच्या 'बेसिक' डीमॅट खात्यावर चार लाखांपर्यंतच्या शेअर्सना वार्षिक आकार नाही, म्हणून तेच खाते मागावे.

तरी गाफील राहू नये. नोव्हेंबर २०१९ मध्ये सेबीने कार्वी या मोठ्या दलाल कंपनीवर कारवाई केली, कारण तिने ग्राहकांचे शेअर गहाण ठेवून कर्जे उचलली होती. त्यानंतर २०२० मध्ये नियम बदलले. आता शेअर गहाण टाकायचे तर ग्राहकाच्या मोबाईलवर आलेला ओटीपी लागतो. तो ओटीपी आणि पासवर्ड म्हणजे तिजोरीची किल्ली, दलालाच्या माणसालाही देऊ नये. डिपॉझिटरीकडून येणारे विवरण आपल्या वहीशी ताडून पाहावे. तक्रार असेल तर आधी दलालाकडे लेखी द्यावी, आणि न सुटल्यास सेबीच्या 'स्कोअर्स' या व्यवस्थेत नोंदवावी. त्यासाठी फी लागत नाही.

दरमहा ठरावीक नफ्याची हमी देतात, त्यांचे काय?

भागीदारीत नफ्याची हमी नसते. ज्या क्षणी कोणी म्हणतो, "दरमहा तीन टक्के पक्के, मूळ रक्कमही सुरक्षित," त्या क्षणी उठून यावे. आणि असे बोलणारा दाढी-टोपीतला असला, बोलण्यात दहा वेळा 'हलाल' म्हणत असला, तर दुप्पट सावध व्हावे. बंगळुरूची आयएमए कंपनी 'हलाल नफ्या'च्या नावावर लोकांकडून पैसे घेत होती. जून २०१९ मध्ये ती कोसळली आणि हजारो घरांचे पैसे गेले. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. निवृत्तांची पुंजी, विधवांचे दागिने, मुलींच्या लग्नाचे पैसे त्यात होते. जे लोक शेअरला हराम म्हणून हात लावत नव्हते, त्यांनीही ना हिशोब पाहिला, ना धंदा विचारला.

आता हेच धंदे व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर चालतात. अनोळखी ग्रुपमध्ये घालतात, खोट्या ॲपवर खोटा नफा दाखवतात, आणि पैसे काढायला गेलात की आधी 'कर' भरा म्हणतात. सल्ला देणाऱ्याचा सेबीकडचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो सेबीच्या यादीत पाहा. नोंदणी असलेल्यालाही नफ्याची हमी देण्याची मनाई आहे.

वालिदांची जुनी सर्टिफिकेटे सापडली आहेत

ती रद्दी समजून टाकू नका. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याला विकून त्याच्या नावावर करता येत नाहीत, पण वारसांच्या नावावर होतात. आधी कंपनीचे नाव शोधा, ते बदलले असेल किंवा कंपनी दुसरीत मिळाली असेल. मग तिच्या रजिस्ट्रारकडे मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि आपले केवायसी देऊन अर्ज करा. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नसेल, तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत गेलेले असतात. तेथूनही अर्ज करून परत मिळतात. वेळ लागतो, पण मिळतात. टक्केवारी मागणाऱ्या एजंटांकडे जाण्याआधी एकदा स्वतः प्रयत्न करून पाहा.

आणखी एक. खात्यावर ज्याचे नाव नॉमिनी म्हणून असते तो मालक होत नाही. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हे स्पष्ट केले आहे. नॉमिनीच्या हाती आलेले शेअर सर्व वारसांचे असतात. मोठा भाऊ नॉमिनी असला तरी बहिणींचा हिस्सा त्यात आहेच, तो द्यावा.

कर आणि जकात?

२३ जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के कर आहे. वर्षभरानंतर विकल्यास सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. लाभांश आपल्या उत्पन्नात मिळवून धरला जातो. ऑप्शनचे सौदे धंद्याचे उत्पन्न मानले जातात, म्हणून तोटा झाला तरी विवरणपत्रात दाखवावे लागतात. ही गोष्ट मुले बापाला सांगत नाहीत आणि पुढे नोटीस येते.

जकातीबाबत बऱ्याच उलमांचे म्हणणे असे की शेअर विकण्यासाठीच घेतले असतील तर तो व्यापाराचा माल आहे, त्या दिवसाच्या बाजारभावावर अडीच टक्के जकात. लाभांशासाठी ठेवले असतील तर कंपनीच्या रोख, माल आणि येणे यांतल्या आपल्या हिश्श्यावर. आपल्या मुफ्ती साहेबांकडून खात्री करून घ्यावी.

शेवटी

त्या कारखानदारांना सुतवाल्याने मुदत दिली. महिन्याभराऐवजी सहा हप्ते करून दिले, आणि पाच हप्ते फिटले आहेत. चोवीस मागांपैकी चार मात्र विकावे लागले. मुलगा आता रोज सकाळी सातला कारखान्यात येतो, बीम मोजतो, मजुरीची वही लिहितो. एका शुक्रवारी तो आमच्या पेढीवर आला आणि म्हणाला, "चाचा, मला खरे शेअर शिकायचे आहेत." मी त्याच्या हाती एका सूतगिरणी कंपनीचा वार्षिक अहवाल दिला आणि सांगितले, "बेटा, सूत तुला कळते. ही कंपनी कापूस काय भावाने घेते, सूत काय भावाने विकते, आणि मधले पैसे कुठे जातात, एवढे मला समजावून सांग. मग पुढचे बोलू."

दोन शुक्रवार झाले, तो अजून वाचतो आहे. घाई नाही. बाजार कुठे जात नाही, गेलेला पैसा मात्र परत येत नाही. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि हिशोब चोख ठेवण्याची तौफीक देवो.